डमडम गोळी आणि हरणाची शिकार : एक ऐतिहासिक विसंगती

प्रस्तावना : बंदुकीच्या इतिहासात गोळीचा वेग व पल्ला यांची चर्चा पुष्कळ होते, शरीरात शिरल्यानंतर ती कशी वागते, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले जाते. वस्तुतः याच प्रश्नावर १८९९ मध्ये एक आंतरराष्ट्रीय निर्बंध आला आणि १९६३ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये हरणाच्या शिकारीविषयी नियम झाला. एकाने निषिद्ध ठरविलेली गोळी दुसऱ्याने सक्तीची केली. या विसंगतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डमडम गोळीचा उदय : काळ्या दारूच्या काळात गोळी जाड व शिशाची असे, लागताच ती पसरत असे. १८८० च्या दशकात धूरविरहित दारू आली. वाढलेल्या वेगात मऊ शिसे नळीच्या आट्यांत टिकेना, म्हणून त्यावर कठीण धातूचे आवरण चढले. अशी बारीक गोळी न पसरता आरपार जाऊ लागली. १८९५ च्या चित्राळ मोहिमेत ती शत्रूला रोखू शकत नाही, अशी ब्रिटिश सैन्यात तक्रार झाली. त्यानंतर कलकत्त्याजवळील डमडम येथील शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरील आवरण काढून शिसे उघडे ठेवले. शिकाऱ्यांना हे तत्त्व अपरिचित नव्हते. पोकळ टोकाच्या 'एक्स्प्रेस' गोळ्या ते आधीपासून वापरीत होते.

निषेध आणि सक्ती : १८९९ च्या हेग परिषदेने शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध मानल्या. ब्रिटनने प्रथम विरोध केला व १९०७ मध्ये हा निर्बंध स्वीकारला. सैनिक जायबंदी झाला की युद्धाचा हेतू साधतो. त्याहून अधिक यातना अनावश्यक, ही त्यामागील भूमिका होती. शिकारीत मात्र जखमी हरीण पळून जाऊन तडफडत मरते. फुप्फुस व हृदयाच्या जागी पसरणारी गोळी त्यास त्वरित मृत्यू देते. म्हणूनच १९६३ च्या कायद्याने रायफलने हरीण मारताना मऊ वा पोकळ टोकाखेरीज अन्य गोळीस मनाई केली. १९९१ च्या कायद्यानेही तीच तरतूद ठेवली.

तथापि पसरण्यालाही मर्यादा हवी. पोकळ गोळी मोठ्या जनावराच्या हाडास्नायूंवरच फुटते, म्हणून सॅम्युअल बेकर यांनी तिच्यावर टीका केली होती. १९४६ मध्ये मूस या मोठ्या हरणावर गोळी निष्प्रभ ठरल्याचा अनुभव आल्यावर अमेरिकेतील जॉन नोस्लर यांनी मधोमध धातूचा पडदा असलेली गोळी घडविली. तिचा पुढील भाग पसरतो आणि मागील भाग खोलवर जातो.

निष्कर्ष : भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा येथे गोळीच्या निवडीचा प्रश्न उरत नाही. परंतु डमडमच्या शस्त्रागाराने नाव दिलेली ही गोळी एक गोष्ट स्पष्ट करते. क्रौर्य व करुणा यांचा निवाडा केवळ वस्तूवरून होत नाही. तिच्या वापरामागील हेतूही पाहावा लागतो.