शाळेचा वार्षिक वृत्तांत : तो कोणास सादर करावयाचा?

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देवळाचा इतिहास लिहिला जातो, हें योग्यच आहे. कोनशिला केव्हां बसली, घंटा कोठून आली, वेदी केव्हां नवी झाली, याची नोंद त्यामुळें पुढील पिढीस मिळते. परंतु देवळाच्या आवारांतच बहुधा दुसरी एक वास्तू उभी असते, आणि तिचा इतिहास मात्र दोन ओळींत उरकला जातो. ती वास्तू म्हणजे शाळा. तिच्या इतिहासांतील एक लहानसाच, परंतु आमच्या मतें फार महत्त्वाचा धागा या लेखांत हातीं घेण्याचा आमचा विचार आहे.

वर्ष संपत आलें म्हणजे मुख्याध्यापक पालकांस एकत्र बोलावून वर्षभराच्या कामाचा वृत्तांत सादर करतात. नव्या खोल्या झाल्या, पिण्याच्या पाण्याची टाकी बसली, मुलींसाठीं स्वतंत्र स्वच्छतागृह बांधलें, वाचनालयांत पुस्तकांची भर पडली, शालान्त परीक्षेचा निकाल बरा लागला, असें त्यांत असतें. पालक टाळ्या वाजवितात, चहापान होतें आणि मंडळी आपापल्या घरीं जातात. हा प्रकार आज इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो पूर्वापार असाच चालत आला असावा असें वाटावें. वस्तुस्थिति तशी नाहीं. शाळेनें आपल्या कामाचा हिशेब द्यावा हा नियम जुना आहे. पण तो हिशेब मुलांच्या आईबापांस द्यावा, ही गोष्ट त्या मानानें अगदीं अलीकडची आहे. हिशेब ज्यास द्यावयाचा त्याच्या दृष्टीनें शाळा स्वतःकडे पाहूं लागते. म्हणून वृत्तांताचा वाचक कोण, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

सोळाव्या शतकांत येशूसंघीय धर्मगुरूंनीं आपल्या देशांत जीं विद्यालयें चालविलीं, त्यांत गोव्याचें सेंट पॉल कॉलेज अग्रगण्य होतें. याच कॉलेजांत १५५६ सालीं हिंदुस्थानांतील पहिला छापखाना सुरू झाला. वसई १५३४ सालीं पोर्तुगिजांच्या ताब्यांत आली, आणि पुढें तेथेंहि येशूसंघीयांनीं शिक्षणाचें कार्य आरंभिलें. वसईस जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे याच धर्मगुरूंच्या देखरेखीखालीं शिकले व वाढले. पुढें ते फ्रान्सिस्कन बंधु झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें त्यांनीं क्रुसावर प्राणार्पण केलें. आणि १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. ज्या शिक्षणांतून असा पुरुष निर्माण झाला, त्यास कोणी हलकें लेखूं नये.

त्या संघाची एक पक्की शिस्त होती. प्रत्येक विद्यालयाच्या प्रमुखानें आपल्या वरिष्ठांस नियमानें पत्र लिहावें, आणि प्रांतांतील सर्व कार्याचा वार्षिक वृत्तांत रोमला रवाना व्हावा. त्या काळीं गलबतें मोसमी वाऱ्यांवर चालत. गोव्याहून गेलेल्या पत्राचें उत्तर हातीं पडेपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ सहज लोटे. तरीहि हा क्रम सोडला जात नसे. १५९९ सालीं संघानें आपल्या विद्यालयांसाठीं 'रेशियो स्टुडिओरम' नांवाची शिक्षणनियमावली प्रसिद्ध केली. अध्ययनप्रमुखानें प्रत्येक शिक्षकाचें अध्यापन निदान पंधरवड्यांतून एकदां स्वतः ऐकावें, असा तींत नियम आहे. बक्षिसें कोणत्या रीतीनें ठरवावींत व तीं मोठ्या जनसमुदायासमोर कशीं वांटावींत, हेंहि तींत घालून दिलें आहे. आपण आजहि जो बक्षीससमारंभ करतों, त्याचें मूळ येथवर पोहोंचतें. त्या समारंभास मुलांचे आईबाप हजर असतील. पण ते प्रेक्षक म्हणून. हिशेब जाई तो वर, रोमकडे.

पुढें हा सर्व व्याप कोसळला. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. १७५९ सालीं पोर्तुगालच्या राजानें आपल्या मुलुखांतून येशूसंघीयांस घालवून दिलें, आणि १७७३ सालीं पोपनीं तो संघच विसर्जित केला; तो पुन्हां स्थापन झाला १८१४ सालीं. मोठ्या विद्यालयांचा आधार गेल्यावर जें शिक्षण टिकलें, तें देवळाच्या आश्रयानें. प्रार्थना, धर्मज्ञान, थोडें वाचन आणि उपासनेंतील गायन, एवढाच त्याचा विस्तार. वृत्तांत लिहिण्याजोगें त्यांत फारसें नव्हतें. पण दिवा विझूं दिला गेला नाहीं, एवढें श्रेय त्या अनामिक मास्तरांस दिलेंच पाहिजे.

शाळेच्या हिशेबास दुसरा वाचक मिळाला तो १८५४ सालीं. त्या वर्षीं सर चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध खलिता विलायतेहून आला. प्रत्येक इलाख्यांत शिक्षणखातें निर्माण व्हावें, शाळा तपासण्यास इन्स्पेक्टर नेमावेत, आणि खाजगी शाळांस धर्माचा विचार न करतां सरकारी मदत मिळावी, असें त्यांत ठरलें होतें. मात्र ज्या शाळेस मदत हवी, तिची व्यवस्था जबाबदार मंडळींकडे असावी, तिनें सरकारी तपासणी मान्य करावी आणि मुलांकडून थोडी तरी फी घ्यावी, अशा अटी होत्या. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि परीक्षा ही शाळेची कसोटी बनली. आमच्या समाजांत ज्या शाळा पुढें नांवारूपास आल्या, त्यांतील अनेकांचा पाया याच सरकारी मदतीवर उभा राहिला, हें विसरतां येणार नाहीं.

परंतु मुंबई इलाख्यांत या मदतीची जी पद्धति पडली, ती निकालावर पैसे देण्याची. दिपोटी शाळेंत येत, इयत्तावार परीक्षा घेत, आणि जितकीं मुलें जितक्या विषयांत उत्तीर्ण होत, त्या मानानें शाळेस रक्कम मिळे. वरवर पाहतां ही रीति न्यायाची दिसते. काम झालें तर दाम. पण तिचा परिणाम वर्गांत काय होई, याचा विचार करावा. हुशार मूल शाळेस कमाई करून देई. मंद मूल, आजारी मूल, भातलावणीच्या दिवसांत बापाबरोबर शेतावर गेलेलें मूल, हीं सर्व शाळेच्या दृष्टीनें तोट्याचीं ठरत. दिपोटींच्या वहींत त्यांच्या नांवापुढें कांहीं मिळत नसे. तें मूल मागें कां पडलें, हें विचारण्यास त्या वहींत रकानाच नव्हता.

ही उणीव स्पष्ट शब्दांत दाखविणारा पुरुष याच महाराष्ट्रांत निघाला. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन सादर केलें. निकालावर पैसे देण्याची पद्धति गरीब व अशिक्षित लोकांत विद्येचा प्रसार करण्यास मुळींच उपयोगी नाहीं. कारण त्यांच्यांत शिक्षणाची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाहीं, आणि केवळ त्या आधारावर कोणी शिक्षक तेथें शाळा काढून पोट भरूं शकणार नाहीं, असा त्यांचा आशय होता. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें, अशीहि मागणी त्यांनीं केली. शेतकऱ्याच्या साऱ्यावर रुपयामागें एक आणा लोकल फंड घेतला जाई, त्यांतील भाग शिक्षणासाठीं असे. तरी शिक्षणाचा लाभ त्याच्या मुलापर्यंत पोहोंचत नाहीं, हें फुल्यांचें दुःख होतें. पैसा देणारा शेतकरी, शाळेंत मूल पाठवावयाचें तें त्यानेंच. पण शाळेचा हिशेब त्यास कोणी सांगत नव्हतें. निकालाची ही पद्धति पुढें लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत मागें पडली, आणि १९०४ च्या सरकारी ठरावानें निराळें धोरण स्वीकारलें.

यानंतर सक्तीच्या शिक्षणाचें युग आलें. कोल्हापूरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांत म्युनिसिपालिट्यांस सक्ती करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला, आणि १९२३ च्या कायद्यानें हें कार्य लोकल बोर्डांच्या हद्दींतहि नेतां येऊं लागलें. कायद्यानें मूल शाळेच्या आंत आणण्याची सोय केली. आईबाप मात्र अजून उंबऱ्याबाहेरच होते.

त्यांस आंत बोलाविण्याचें तत्त्व ख्रिस्तसभेनें याच काळांत अधिकाधिक ठामपणें मांडलें, याचा आम्हांस अभिमान वाटतो. ३१ डिसेंबर १९२९ रोजीं पोप अकरावे पायस यांनीं शिक्षणावर परिपत्र काढलें. मुलाच्या शिक्षणाचा हक्क कुटुंबास राज्यसंस्थेच्या आधीं प्राप्त होतो, असें त्यांत प्रतिपादन आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असें घोषित केलें. १९८३ च्या धर्मविधिसंहितेंत तर ७९६ व्या कलमांत स्पष्ट आज्ञाच आहे : शिक्षकांनीं पालकांशीं निकट सहकार्य करावें, त्यांचें म्हणणें आनंदानें ऐकून घ्यावें, आणि पालकांचे संघ अथवा सभा स्थापन करून त्यांस मोठा मान द्यावा. ज्या परंपरेंत हिशेब पूर्वी वर जाई, त्याच परंपरेनें तो आतां समोर बसलेल्यांस द्यावा असें सांगितलें.

देशाच्या कायद्यानेंहि हाच मार्ग धरला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिति असावी, तिच्या सभासदांत निदान तीन-चतुर्थांश पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि शाळेच्या विकासाची योजना या समितीनें तयार करावी, असें ठरविलें. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क-नियमन कायद्यानें शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापण्याचें बंधन घातलें. मात्र शिक्षणहक्काचा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू होत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. कारण राज्यघटनेच्या तिसाव्या कलमानें अल्पसंख्याकांस आपल्या शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिलेला आहे.

हा हक्क मोलाचा आहे, आणि तो जपलाच पाहिजे. परंतु येथेंच आमचा मुख्य मुद्दा येतो. हा हक्क व्यवस्थापकांच्या खुर्चीस दिलेला नाहीं. तो समाजास दिलेला आहे, आणि समाज म्हणजे हींच कुटुंबें. सरकारनें विचारलें नाहीं म्हणून शाळेनें सांगूं नये, असा त्याचा अर्थ होऊं शकत नाहीं. उलट कायद्याचें बंधन जेथें सैल, तेथें सदसद्विवेकाचें बंधन अधिक घट्ट असावें लागतें. अशा शाळेचा वार्षिक वृत्तांत हा उपचार नसून कर्तव्य आहे.

तो वृत्तांत कसा असावा? इतिहासानें शिकविलेलें तेवढेंच सांगतों. उत्तीर्णांची संख्या सांगावी. पण मध्येंच शाळा सोडून गेलेलीं मुलें किती व कोणत्या कारणानें, हेंहि सांगावें. नाहीं तर दिपोटींची वही आपल्याच हातीं पुन्हां आली असें होईल. नव्या इमारतीचें वर्णन करावें. पण पैसा कोठून आला व कोठें गेला, हेंहि दाखवावें. गेल्या वर्षीं पालकांनीं काय मागितलें होतें आणि त्यांतलें काय झालें, काय राहिलें, याचा उल्लेख असावा. अध्ययनप्रमुखानें पंधरवड्यांतून एकदां वर्गांत बसावें, हा चारशे वर्षांपूर्वींचा नियम आपल्या शाळेंत पाळला जातो काय, हें विचारण्याचा पालकांस अधिकार असावा. आणि हें सर्व आईस समजेल अशा भाषेंत सांगावें. मराठी वर्गांचा पट अनेक ठिकाणीं उतरत चालला आहे, आणि इंग्रजी वर्गांतील मुलांच्या घरीं मराठीच बोलली जाते. ज्या वृत्तांताचें भाषांतर मुलानें आईस करून सांगावें लागतें, तो वृत्तांत आईस सादर झाला असें कसें म्हणावें?

पालकांचेंहि कर्तव्य आहे. टाळ्या वाजवून घरीं जाणें सोपें. प्रश्न विचारणें, आणि उत्तर मिळाल्यावर हातभार लावणें, हें कठीण. ज्या पिढीनें एका वेळेची भाजी विकून शाळेच्या वर्गणींत पैसा घातला, तिच्यापैकीं पुष्कळांस शाळेचा हिशेब कधीं ऐकावयासहि मिळाला नाहीं. त्यांच्या नातवंडांस तो मिळतो. तो त्यांनीं ऐकावा, समजून घ्यावा, आणि जपून ठेवावा.

ज्युबिलीच्या निमित्तानें आमची एक विनंति आहे. शाळेच्या कपाटांत जुन्या हजेऱ्या, तपासणीच्या वह्या आणि छापील वृत्तांत पडून असतील. घरोघरच्या पेट्यांतहि कांहीं असतील. वाळवीनें खाण्यापूर्वीं ते एकत्र करावेत व नीट लावून ठेवावेत. देवळाची घंटा कोणी दिली हें आपणांस ठाऊक आहे. शाळेंत कोणतें मूल कां आलें नाहीं, हेंहि पुढच्या ज्युबिलीस सांगतां यावें, एवढीच आमची इच्छा.