‘पहिले जग’ पहिले कसे झाले?

वेल्हे तालुक्याचे नाव निघाले की ‘दुर्गम’, ‘मागास’ हे शब्द सोबत येतातच. पुणे मात्र ‘प्रगत’. देशांच्या बाबतीतही हीच भाषा चालते. अमेरिका, पश्चिम युरोप, जपान हे ‘पहिले जग’ आणि आपण ‘तिसरे जग’. हे क्रमांक लावले कोणी?

१९५२ साली आल्फ्रेड सोव्ही या फ्रेंच लोकसंख्यातज्ज्ञाने एका लेखात ‘तिसरे जग’ हा शब्द वापरला. अमेरिकेच्या आणि सोव्हिएत रशियाच्या गटांबाहेरच्या गरीब देशांसाठी तो होता. त्यावरून पुढे भांडवलशाही गट ‘पहिले’ आणि साम्यवादी गट ‘दुसरे’ जग ठरला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला, तरी ‘पहिले जग’ उरलेच. आता त्याचा अर्थ फक्त श्रीमंत. हल्ली ‘ग्लोबल नॉर्थ’ म्हणतात. दक्षिणेतला ऑस्ट्रेलियाही त्यात बसतो!

सोव्हीने हा शब्द घडवला तो जुन्या फ्रान्समधल्या ‘तिसऱ्या वर्गा’वरून. तिथे पहिला वर्ग धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा, बाकी सारी रयत तिसरी. ही उतरंड आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. १७८९ मध्ये याच तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केले.

त्याच सभेचा दाखला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत दिला होता, सोव्हीच्या लेखाआधी पंचवीस वर्षे. भोरहून वरंध घाट उतरला की तेच महाड लागते. चवदार तळ्याचा लढा पाण्यापुरता नाही, समतेचा आहे, हे त्यांनी तिथे मांडले.

आमचे म्हणणे एवढेच, की ‘प्रगत’ हा शब्द संपत्ती दाखवतो, ती कोठून आली ते लपवतो. ब्रिटन श्रीमंत झाले त्यात वसाहतींच्या लुटीचा वाटा होता. पुणे वाढले ते पानशेत-वरसगावच्या पाण्यावर. गावे बुडाली ती या खोऱ्यांतली. मग वेल्हे मागास की मागे ठेवलेले?

आणि ‘आम्हा तिसऱ्या जगावर अन्याय झाला’ म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या गावातली वस्तीही पाहावी. तिथे पहिले कोण, शेवटचे कोण, हे जन्मावरून ठरत आले आहे. तो क्रम मोडल्याशिवाय जगाच्या क्रमाबद्दल तक्रार करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला मिळत नाही.

जय भीम!