दिनविशेष : २२ मार्च – ‘पीजे’ थांबली

२२ मार्च २०२०, जनता कर्फ्यूचा रविवार. त्याच दिवशी रेल्वेने देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबवल्या. पुढे एकेक करून बहुतेक गाड्या सुरू झाल्या, पाचोरा-जामनेरची ‘पीजे’ मात्र परत धावली नाही.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास ५६ किलोमीटरचा हा नॅरोगेज मार्ग सुरू झाला. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत गाडी दोन तासांहून जास्त वेळ घेई. पण शेंदुर्णीच्या शेतकऱ्याला आणि पाचोऱ्याला शिकायला जाणाऱ्या पोरापोरींना परवडणारं तिकीट हिचंच होतं. गाडी बंद राहिल्यावर पाचोऱ्यात कृती समिती उभी राहिली, ती उगाच नाही.

आता मार्ग ब्रॉडगेज होऊन जामनेरहून पुढे बोदवडपर्यंत जाणार आहे. खान्देशाला तो हवाच. प्रश्न उरतो जुन्या स्थानकांचा. लहानशी तिकीट खिडकी, फलाटावरची झाडं, हातभर रुंदीची बाकडी असलेले डबे, हे सगळं भंगाराच्या लिलावात जाऊ नये. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय उभं राहिलं आणि तिथली जुनी इंजिनं वाचली. पहूर किंवा शेंदुर्णीच्या एका स्थानकात गावाचं वाचनालय आणि बाहेर ‘पीजे’चा एक डबा, एवढं तर नव्या रुळांच्या आराखड्यातच बसवता येईल. काम पूर्ण व्हायच्या आत ते ठरायला हवं.