डोळ्याची इजा
डोळ्याची इजा म्हणजे बाह्य आघात, रसायने, उष्णता किंवा प्रारण यांमुळे नेत्रगोल, पापण्या अथवा नेत्रकोटर यांना झालेली हानी होय. एका डोळ्याला येणाऱ्या अंधत्वाचे हे जगभरातील एक प्रमुख कारण आहे.

वर्गीकरण
१९९६ मध्ये मांडलेल्या बर्मिंगहॅम परिभाषेनुसार यांत्रिक इजांचे दोन गट पडतात. पारपटल किंवा श्वेतपटल यांना आरपार जखम झाल्यास तिला उघडी इजा, अन्यथा बंद इजा म्हणतात. बोथट आघाताने नेत्रगोल फुटणे आणि धारदार वस्तूने तो चिरणे हे उघड्या इजेचे मुख्य प्रकार आहेत.

कारणे
घण-छिन्नीच्या कामात उडणारे धातूचे कण, फटाके, रस्त्यावरील अपघात, तसेच चेंडू, विटी, धनुष्यबाण यांसारखी खेळसाधने ही नेहमीची कारणे आहेत. शेतीकामात उसाचे पाते किंवा भाताचे तूस लागून पारपटलावर ओरखडा उठतो व त्यातून बुरशीजन्य व्रण होऊ शकतो. अशा व्रणावर वैद्यकीय सल्ल्याविना स्टेरॉइडचे थेंब घातल्यास संसर्ग बळावतो. तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांना इजा झाल्याची उदाहरणे भारतात नोंदलेली आहेत. चुना अल्कधर्मी असून तो ऊतींमधील स्निग्ध पदार्थ विरघळवत आत शिरतो. त्यामुळे अशी इजा बहुधा आम्लाच्या इजेपेक्षा गंभीर ठरते. वेल्डिंगच्या अतिनील किरणांमुळे होणारा दाह काही तासांनंतर जाणवतो.

मूल्यमापन
रासायनिक इजेत तपासणीपूर्वी डोळा धुणे आवश्यक असते. इतर इजांमध्ये इजेची हकिकत घेऊन प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्रपणे मोजतात. त्यानंतर बाहुलीची प्रतिक्रिया, डोळ्यांची हालचाल व पुढील कक्षातील रक्तस्राव पाहतात. फ्लुरोसिन रंजक घातल्यावर निळ्या प्रकाशात पारपटलावरील ओरखडा हिरवा दिसतो. नेत्रगोलात कण शिरल्याचा संशय असल्यास सीटी स्कॅन करतात. कण लोखंडाचा असण्याची शक्यता असल्यास एमआरआय टाळतात, कारण चुंबकीय क्षेत्रात तो हलू शकतो. दृष्टी चांगली असली तरी आत शिरलेल्या कणाची शक्यता नाकारता येत नाही. बोथट आघातानंतर दृष्टिपटल सुटणे किंवा काचबिंदू होणे हे परिणाम कालांतरानेही उद्भवू शकतात, म्हणून पुनर्तपासणी आवश्यक असते.

प्रथमोपचार
रसायन गेल्यास पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेने किमान १५ ते ३० मिनिटे डोळा धुवावा आणि चुन्याचे कण राहू देऊ नयेत. उघड्या इजेत डोळा चोळू, दाबू वा धुऊ नये. रुतलेली वस्तू काढू नये. डोळ्यावर दाब येणार नाही असे कडक आच्छादन, उदाहरणार्थ कागदी पेल्याचा तळ, लावून रुग्णाला तातडीने नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

प्रतिबंध
बहुतांश इजा टाळता येण्याजोग्या आहेत. कारखान्यात व मळणीच्या वेळी पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा वापरणे, वेल्डिंग करताना योग्य काचेचा मुखवटा लावणे, वाहनात आसनपट्टा बांधणे आणि चुना व ॲसिड मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवणे हे प्रमुख उपाय होत. न फुटलेल्या फटाक्यावर वाकून पाहू नये. साधा नंबरचा चष्मा संरक्षक चष्म्याची जागा घेऊ शकत नाही.