कोरेगाव आणि शिवणी : युद्धस्मृती कशी घडते?

इ. स. 1818 या एकाच वर्षी पेशवाईच्या अखेरच्या युद्धातील दोन लढाया झाल्या. पहिली 1 जानेवारीस भीमाकाठच्या कोरेगाव येथे. दुसरी 17 एप्रिलला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळील शिवणी येथे. पहिलीचे नाव आज प्रत्येक बौद्ध वस्तीतील मुलास ठाऊक आहे. दुसरी जिल्ह्यातील सुशिक्षितांनाही क्वचितच माहीत असते. हा फरक का पडला, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

परिणामाच्या दृष्टीने पाहता शिवणी गौण ठरत नाही. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांच्या साहाय्याच्या आशेने दुसरा बाजीराव या भागात आला होता. कर्नल ॲडम्सने त्याला शिवणीस गाठले. पेशव्यांच्या तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या, फौजेची पांगापांग झाली आणि जूनच्या आरंभी बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली. उलट कोरेगावी दिवसभराच्या झुंजीनंतर पेशव्यांचे सैन्य मागे हटले. पण कॅप्टन स्टॉन्टनची तुकडीही पुण्याकडे न जाता शिरूरला परतली. तेव्हा स्मृतीचे मोजमाप लढाईच्या परिणामात शोधून भागणार नाही.

त्या काळी मराठी वृत्तपत्र नव्हते. 'दर्पण' 1832 साली निघाले. मुंबईत इंग्रजी पत्रे होती; पण रणांगणावर त्यांचा बातमीदार नसे. त्यांचा आधार लष्करी अधिकाऱ्यांचे खलिते हाच असे. साहजिकच युद्धाची पहिली छापील हकीकत जेत्यांच्या दृष्टीने लिहिली गेली. कोरेगावचा पराक्रम कंपनीस मिरवावयाचा होता, म्हणून तिने तेथे स्तंभ उभारून मृत सैनिकांची नावे कोरली. शिवणीच्या वाट्याला तशा स्तंभाची कीर्ती आली नाही.

तथापि केवळ दगडाने स्मृती जिवंत राहत नाही. कंपनीचा विजयस्तंभ हा अस्पृश्यांच्या शौर्याचा पुरावा आहे, हा अर्थ पुढे शोषितांच्या लेखणीने दिला. 1877 साली निघालेल्या 'दीनबंधु'ने बहुजनांना छापील व्यासपीठ दिले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी वृत्तपत्रांतून अस्पृश्यतेवर प्रहार केले. 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाल्यावर पूर्वजांची सैनिकी सेवा हा न्यायाच्या मागणीचा आधार बनला. शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली 'सोमवंशीय मित्र' सुरू केला आणि भरती पुन्हा खुली व्हावी म्हणून 1910 साली सरकारकडे अर्ज केला. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्तंभास अभिवादन केले. त्याच वर्षी 3 एप्रिलला 'बहिष्कृत भारत' प्रसिद्ध झाले. सभा, अर्ज आणि वृत्तपत्र या तिहींच्या योगे साम्राज्याची खूण स्वाभिमानाची खूण बनली.

मुद्रित शब्दाचे हे सामर्थ्य जबाबदारीही लादते. '500 महार विरुद्ध 28,000' हे वाक्य आज वारंवार छापले जाते. वस्तुतः स्टॉन्टनच्या तुकडीत इतर जातिधर्मांचे सैनिकही होते आणि पेशव्यांची सर्वच फौज प्रत्यक्ष लढली नव्हती. स्तंभावरील 49 मृतांच्या नावांपैकी 22 'नाक' प्रत्ययाची आहेत. ही 22 नावे पुरेशी बोलकी आहेत. त्यांना अतिशयोक्तीच्या आधाराची गरज नाही. प्रतिपक्षास एक चूक सापडली की तो संपूर्ण इतिहासच नाकारू पाहतो. 2018 च्या द्विशताब्दीस झालेल्या हिंसाचारानंतर अनेकांनी कोरेगावचे नाव प्रथमच दूरचित्रवाणीवर ऐकले, तेही दंगलीच्या दृश्यांसह. आता स्तंभाची स्मृती त्या दृश्यांच्या ओझ्यातूनही सोडवावी लागणार आहे.

यवतमाळात लोकनायक बापूजी अणे यांचे 'लोकमत' साप्ताहिक 1918 च्या सुमारास निघाले, म्हणजे शिवणीनंतर शंभर वर्षांनी. तोवर ती लढाई पाहिलेले कोणी उरले नव्हते. इंग्रजी ग्रंथांतील 'सिवनी' वाचून अनेकांना मध्य प्रदेशातील शहर आठवते. आपले गाव स्वतःच्या इतिहासातून असे निसटते. जिल्ह्यातील तरुण अभ्यासकांना आमचे आवाहन आहे : शिवणी परिसरातील वृद्धांच्या आठवणी, शेतांची व जागांची जुनी नावे आणि उपलब्ध कागद एकमेकांशी ताडून पाहा आणि जे सिद्ध होईल तेवढेच छापा. कोरेगावला वाणी देणाऱ्या लेखणीचे वारस म्हणून हे कार्य आपलेच आहे.