कॅनडा : दोन भाषा आणि एक राष्ट्र

राष्ट्राच्या ऐक्यास एक भाषा अवश्य पाहिजे, हें मत युरोपच्या इतिहासांतून आपल्याकडे आलें आणि फारशी छाननी न होतां रूढ झालें. त्याची परीक्षा पाहावयाची तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कॅनडाकडे वळावें, असें आम्हांस वाटतें. तेथें इंग्रजी व फ्रेंच बोलणारे दोन समाज १८६७ पासून एका संघराज्यांत राहत आले. परंतु बरोबरीच्या नात्यानें नव्हे.

महायुद्ध संपलें त्या वेळीं फ्रेंचभाषी क्वेबेक प्रांताचे मुख्य प्रधान मॉरिस द्युप्लेसी हे होते. शाळा व रुग्णालयें बहुतांशीं कॅथॉलिक धर्मसंस्थेच्या हातीं, तर पेढ्या, कारखाने व मोठा व्यापार मुख्यतः इंग्रजी बोलणारांच्या हातीं होता. माँट्रियल शहरांत बहुसंख्या फ्रेंचांची, पण वरच्या जागेची भाषा इंग्रजी! भाविक शेतकरी म्हणून वर्णिला जाणारा हा समाज वस्तुतः कधींच शहरवासी कामकरी बनला होता. १९४९ सालीं अ‍ॅस्बेस्टॉस येथील खाणकामगारांनीं संप केला, तेव्हां माँट्रियलचे आर्चबिशप शार्बोनो यांनींच त्यांची बाजू घेतली. जुन्या व्यवस्थेला पडलेली ही पहिली मोठी भेग होय.

१९५९ सालीं द्युप्लेसी वारले आणि पुढच्याच वर्षीं झां लेसाज यांचा लिबरल पक्ष अधिकारावर आला. त्यानंतरच्या घडामोडींस 'शांत क्रांति' म्हणतात. विजेच्या खासगी कंपन्या प्रांतिक सरकारनें विकत घेतल्या. १९६४ सालीं शिक्षणमंत्र्याचें खातें स्थापन होऊन शिक्षणाचीं सूत्रें सरकारकडे आलीं. ज्या समाजानें दोन शतकें धर्माच्या आधारें आपलें वेगळेपण राखलें, त्यानें तेंच काम आतां भाषेकडे व प्रांतिक सरकारकडे सोंपविलें. या क्रांतीचें मर्म आमच्या मतें येथें आहे.

मध्यवर्ती सरकारास हें ओळखणें भाग पडलें. पंतप्रधान पिअर्सन यांनीं १९६३ सालीं द्विभाषिकता व द्विसंस्कृति यांच्या विचारासाठीं आयोग नेमला. १९६५ सालीं मेपलच्या पानाचा नवा ध्वज आला. १९६९ च्या कायद्यानें मध्यवर्ती कारभारांत दोन्ही भाषा समान ठरल्या. पण आयोगापुढें युक्रेनियन इत्यादि वंशांच्या लोकांनीं विचारलें, "संस्कृति दोनच, तर आमची गणना कोठें?" त्याला उत्तर म्हणून पंतप्रधान ट्रूडो यांनीं १९७१ सालीं दोन भाषांच्या चौकटींत बहुसंस्कृतीचें धोरण जाहीर केलें. तोंवर प्रवेशाचे नियमही पालटले होते. १९५१ च्या करारानें भारतांतून वर्षाला अवघ्या १५० माणसांस वसण्याची मुभा देणाऱ्या या देशानें १९६७ पासून शिक्षण, कौशल्य व भाषाज्ञान यांवर गुण देऊन माणसें निवडण्यास आरंभ केला.

हें सारें सुखासुखीं घडलें नाहीं. १९७० च्या ऑक्टोबरांत फुटीर अतिरेक्यांनीं पळविलेले प्रांतिक मंत्री लापोर्त मारले गेले व युद्धकालीन कायदा लागू झाला. १९८० च्या प्रांतिक सार्वमतांत सुमारें साठ टक्के मतें विभक्ततेच्या मार्गाविरुद्ध पडली. १९८२ सालीं राज्यघटना ब्रिटनकडून कॅनडाच्या हातीं आली. पण क्वेबेक सरकारनें तिला संमति दिली नाहीं. १९९५ च्या सार्वमतांत तर संघराज्य टिकलें तें एक टक्क्याहून किंचित् अधिक फरकानें.

शिवाय या वादांत जे भूमीचे पहिले धनी, त्यांची आठवण शेवटीं झाली. इंडियन कायद्याखालीं नोंदलेल्या मूळ रहिवाशांस आपला दर्जा न सोडतां मध्यवर्ती निवडणुकींत मत देण्याचा हक्क १९६० सालीं मिळाला. १९६९ सालीं समतेच्या नांवानें त्यांचा निराळा कायदेशीर दर्जाच रद्द करण्याची सूचना निघाली. त्यांनीं ती निकरानें परतविली, आणि १९८२ च्या घटनेंत त्यांच्या हक्कांस मान्यता मिळाली. परंतु त्यांच्या मुलांस घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांबद्दल संसदेंत क्षमायाचना होण्यास २००८ साल उजाडावें लागलें.

यावरून आम्हांस एवढेंच दिसतें कीं, सर्वांना एका सांच्यांत घालणें म्हणजे समता नव्हे. क्वेबेकनें ती गोष्ट इंग्रजी कॅनडाला शिकविली. मूळ रहिवाशांनीं ती दोघांनाही शिकविली. बहुभाषी देशाचें ऐक्य एकदां मिळवून ठेवण्याची ठेव नव्हे. प्रत्येक पिढीला तें नव्यानें कमवावें लागतें.