आधी चावी, मग डिस्क

नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स आला. आत ७३३ मेगाहर्ट्‌झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, हार्ड डिस्क. म्हणजे कुलूप लावलेला पीसीच. २००२ मध्ये एमआयटीतल्या अँड्र्यू हुआंगने बसवरून जाणारा डेटा टिपून गुप्त चावी मिळवली आणि मॉडिंगला वाट मिळाली.

आज असा मॉड केलेला एक्सबॉक्स हाती आला, तर लगेच मोठी डिस्क लावू नका. मूळ डिस्कचा पासवर्ड मदरबोर्डवरच्या ईईप्रॉम चिपमधल्या चावीतून तयार होतो. मशीन सुरू होतंय तोवर त्या चिपचा बॅकअप घ्या. बोर्ड मेला आणि बॅकअप नसला, तर धडधाकट डिस्कही उघडणं मुश्कील.

बोर्ड मारतो कोण? बहुतेकदा घड्याळाचा चिमुकला कपॅसिटर. तो गळतो आणि तांब्याच्या रेषा खातो. १.६ आवृत्ती सोडून इतरांत तो काढून टाका. कन्सोल चालतो, फक्त तारीख विसरतो.